पाय तिकडेच का वळतात?

“घरापर्यंत तरी यायले पाहिजे होतं ना त्यानं, सिस्टर?”

घाटाखालच्या एका गावात, बौद्धवाड्यातल्या ओट्यावर बसून एका बाईनं आम्हाला हा प्रश्न विचारला, त्याला आता बरीच वर्षं झाली. तिचा नवरा गवंडीकाम करायचा. त्याची दारू सुटावी म्हणून तिनं बचतगटातून कर्ज काढलं आणि त्याला महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. तिथं त्यानं एक थेंब घेतला नाही. हाताची थरथर गेली, अंगावर थोडं मांस चढलं. सुटीच्या दिवशी तो एसटीनं राजूर घाट उतरून आला, गावच्या फाट्यावर उतरला आणि थेट फाट्यावरच्या देशीच्या दुकानात शिरला. घरी बायकोनं मटण-भाकरी करून ठेवली होती. लेकरं वाटेकडे डोळे लावून बसली होती. रात्री दोघा जणांनी त्याला धरून घरी आणलं.

आम्ही तेव्हा दवाखान्याची नोकरी सोडून नुकतेच या कामात पडलो होतो. त्या बाईला आम्ही जे उत्तर दिलं, त्याची आज लाज वाटते. आम्ही म्हणालो, “त्याचं मनच कमजोर आहे, तू तरी काय करणार?” वॉर्डात रात्रपाळ्या करताना आम्ही हेच ऐकलं होतं आणि रक्ताच्या उलट्या होऊन आलेल्या माणसांच्या बायकांना हेच ऐकवलंही होतं.

दुसऱ्या दिवशी तो शुद्धीवर असताना आम्ही त्याला विचारलं. तो खाली मान घालून एवढंच म्हणाला, “मले प्यायचीच नव्हती. बस थांबली अन् पाय तिकडं वळले.” आम्हाला ती पळवाट वाटली. ते त्याचं खरं बोलणं होतं, हे कळायला आम्हाला एका उंदराची गोष्ट ऐकावी लागली. नागपूरला एका प्रशिक्षणात ती ऐकली. ती सांगायलाच आजचं हे पान घेतलं आहे.

शास्त्रज्ञ एक लांबट पेटी घेतात. तिच्यात दोन खोल्या, मध्ये सरकतं दार. एका खोलीच्या भिंतींवर काळे-पांढरे पट्टे आणि खाली जाळी; दुसरीच्या भिंती साध्या आणि खाली गुळगुळीत फरशी. कधी वासही वेगवेगळे ठेवतात. पहिल्या दिवशी दार उघडं ठेवून उंदराला आत सोडतात आणि तो कोणत्या खोलीत किती वेळ घालवतो हे घड्याळ लावून मोजतात. मग काही दिवस शिकवणी चालते. एक दिवस त्याला मॉर्फिनसारख्या नशेच्या औषधाचं इंजेक्शन देऊन पट्ट्यांच्या खोलीत अर्धा तास कोंडतात. दुसऱ्या दिवशी नुसत्या सलाईनच्या पाण्याचं इंजेक्शन देऊन साध्या खोलीत कोंडतात. सुई दोन्ही दिवशी टोचायचीच, म्हणजे फरक पडला तर तो सुईमुळे नाही हे कळतं. शिवाय निम्म्या उंदरांना नशा पट्ट्यांच्या खोलीत देतात आणि निम्म्यांना साध्या खोलीत, म्हणजे एखादी खोली मुळातच आवडती होती अशी शंका राहत नाही.

आणि मग खरी परीक्षा. त्या दिवशी उंदराला काहीच देत नाहीत. ना नशा, ना पाणी, ना सुई. मधलं दार उघडतात, त्याला मोकळा सोडतात आणि पुन्हा घड्याळ लावतात. उंदीर नशा मिळाली होती त्याच खोलीत जाऊन बसतो. पहिल्या दिवशीपेक्षा किती जास्त वेळ बसला, यावरून त्या पदार्थानं मेंदूला किती ‘बक्षीस’ दिलं हे ठरवतात. याला जागा-पसंतीची चाचणी म्हणतात. अफू-मॉर्फिन, कोकेन यांवर ती वारंवार झाली आहे. आजार आणणारं औषध दिलं तर उलट घडतं, उंदीर ती खोली टाळतो.

आम्ही पुन्हा सांगतो, कारण सगळी गोष्ट इथेच आहे. परीक्षेच्या दिवशी उंदराच्या रक्तात काही नसतं. त्याला तिथं काही मिळणारही नसतं. तरी तो जातो. त्याला ओढतात ते भिंतीचे पट्टे आणि पायाखालची जाळी.

या गोष्टीची एक जुनी बाजूही आहे. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर हे दोघं उंदराच्या मेंदूत बारीक तार बसवून विजेचा हलका झटका देण्याचा प्रयोग करत होते. तार ठरवलेल्या जागी न बसता जरा चुकून दुसरीकडे बसली. उंदीर टेबलाच्या एका कोपऱ्यात गेला की झटका द्यायचा, असं चाललं होतं. पण तो कोपरा टाळण्याऐवजी उंदीर पुन्हा पुन्हा तिथंच येऊ लागला. १९५४ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि मेंदूत ‘बक्षिसाची’ म्हणून एक यंत्रणा आहे हे जगाला कळलं. भाकरी, पाणी, संग, लेकराचं हसू, या सगळ्यांचा आनंद त्याच यंत्रणेतून जातो आणि दारू, तंबाखू, गांजाही तिथंच जाऊन हात घालतात. आपल्या विदर्भातही या विषयावर काम झालं आहे. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात डॉ. दादासाहेब कोकरे, डॉ. निशिकांत सुभेदार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उंदरांवर प्रयोग केले. त्यांत उंदीर स्वतः कळ दाबून आपल्या मेंदूच्या त्या भागात दारूचा सूक्ष्म अंश सोडून घ्यायला शिकले. तो पेटीचा प्रयोग नव्हे, पण यंत्रणा तीच.

उंदराचं माणसाला लावू नका, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणून शिकागो विद्यापीठातल्या एमा चाइल्ड्स आणि हॅरिएट डी विट यांनी माणसांवरच पाहिलं. निरोगी स्वयंसेवकांना एका खोलीत उत्तेजक औषधाची गोळी दिली आणि दुसऱ्या खोलीत बिनऔषधाची. कोणती गोळी कुठली हे त्यांना सांगितलं नव्हतं. शेवटी त्यांना ज्या खोलीत औषध मिळालं होतं तीच जास्त आवडू लागली होती. हे २००९ साली प्रसिद्ध झालं. त्या लोकांना कोणी ‘कमजोर मनाचे’ म्हटलं नाही.

त्याहून मोठा पुरावा युद्धातून आला. १९७१ च्या सुमारास व्हिएतनाममध्ये असलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी पाचातला एक हेरॉइनच्या आहारी गेला होता. हे सगळे गर्दुले घरी परतले तर देशाचं काय होईल म्हणून सरकार हादरलं. ली रॉबिन्स नावाच्या संशोधक बाईंनी परतलेल्या सैनिकांचा माग काढला. तिथं व्यसन लागलेल्या शंभरांपैकी जेमतेम पाच जण घरी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा आहारी गेले होते. इतर कारणंही असतीलच. गावी हेरॉइन महाग होतं, मिळायला अवघड होतं, कामधंदा होता. पण ते जंगल, ती बराक, ते सोबती मागे राहिले होते, हेही तितकंच खरं.

आता आपल्या गवंड्याकडे या. त्याचं सगळं उलटं झालं. दारू सुटली ती केंद्रात, जिथं तो कधी प्यायलाच नव्हता. आणि मग आपण त्याला त्याच्या पट्ट्यांच्या खोलीत नेऊन सोडलं. बस थांबते तो फाटा, समोरची ट्यूबलाइट, तळणाऱ्या भज्यांचा वास, काचेच्या ग्लासांचा आवाज, संध्याकाळची तीच वेळ आणि लांबूनच शीळ घालणारा कामावरचा जोडीदार. वीस वर्षांची शिकवणी होती त्याची. उंदराला तर चार-सहा दिवस पुरतात.

केंद्रात राहून काही उपयोग झाला नाही, असं आम्ही म्हणत नाही. अंग धुऊन निघतं, डोकं ताळ्यावर येतं. पण ‘नशेशिवाय राहता येतं’ हे मेंदू जिथं शिकतो, तिथंच ते घट्ट बसतं. जागा बदलली की जुनं शिकलेलं वर येतं, असं प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. उंदराला नशेच्या खोलीत रोज कोरडंच ठेवलं तर हळूहळू त्याची ओढ ओसरते. पण ती पुसली जात नाही. महिन्यानंतरही नशेचा एक लहान डोस दिला, किंवा पायाला विजेचा चटका दिला, तरी तो पुन्हा त्या खोलीकडे धावतो. एक घोट किंवा एक चटका. वस्तीतल्या माणसाला हे चटके रोज बसतात. ठेकेदारानं कापलेली मजुरी, सोयाबीनचा पडलेला भाव, जातीवरून ऐकलेला एखादा शब्द. आम्ही नोंदवह्या चाळल्या, तर पुन्हा घसरण्याच्या दिवसाआधी बहुतेक वेळा असं काहीतरी सापडतं.

आपल्या समाजात याची एक खास बोच आहे. १९५६ साली नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलातलं पाचवं शील तेच सांगतं. माणूस पौर्णिमेला विहारात हात जोडून ते मनापासून म्हणतो आणि संध्याकाळी नाक्यावर सापडतो. मग वस्ती त्याला ढोंगी म्हणते. तो विहारात यायचंच सोडतो आणि त्याला उरतो तो नाका. आम्हाला वाटतं, बहुतेक वेळा हे ढोंग नसतं. शील तो विहारात शिकला, दारू नाक्यावर. एका जागेचं शिकणं दुसऱ्या जागी आपोआप जात नाही, ते हाताला धरून न्यावं लागतं. आणि आपल्याच कार्यक्रमांबद्दलही बोललं पाहिजे. हळदीच्या रात्री मांडवामागे आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत गाडीच्या आडोशाला बाटली फिरते, तेव्हा आपण डीजेचा आवाज आणि निळा गुलालसुद्धा दारूशी बांधून ठेवतो. सहा महिने कोरडा राहिलेला माणूस त्या आवाजानं हलतो. यात त्याचा दोष आहेच, आपलाही आहे.

यातून मार्ग काय? ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक इथल्या संशोधकांनी २०११ मध्ये एक सुंदर गोष्ट दाखवली. उंदरांना पेटीच्या एका खोलीत कोकेन दिलं, त्यांना त्या खोलीची ओढ लागली. मग दुसऱ्या खोलीत त्यांना दुसऱ्या उंदराची सोबत दिली. फक्त चार वेळा, पंधरा-पंधरा मिनिटं. दार उघडल्यावर उंदरांची पसंती फिरली आणि ते सोबतीच्या खोलीकडे जाऊ लागले. उंदराला कोणी उपदेश केला नव्हता, हे लक्षात घ्या. नुसता सोबती दिला होता.

आपल्याकडे माणूस केंद्रातून आला की त्याला सोबत कमी आणि उपदेश जास्त मिळतो. सासरा बोलतो, सरपंच बोलतो, आमच्यासारख्या सिस्टर बोलतात. विहारात तो आला तर त्याला पुढे बसवून त्याचाच दाखला देतात. त्यापेक्षा त्याला कॅरमच्या बोर्डाशी बसवा, लेझीमच्या सरावाला बोलवा, तो गवंडी असेल तर विहाराच्या पायरीचं काम त्याला सांगा. वेळ मात्र तीच ठेवा, त्याची प्यायची वेळ. सकाळच्या वंदनेनं संध्याकाळचे सात भरून निघत नाहीत.

घरच्यांनी पहिलं काम करायचं ते नकाशाचं. कोळशानं ओट्यावर काढला तरी चालतो. तो कुठून निघतो, कुठल्या वळणावर थांबतो, मजुरी कोणत्या दिवशी आणि कुठं मिळते, आठवडी बाजाराच्या दिवशी काय होतं, कोण हाक मारतं. हे त्याच्याच तोंडून आलं पाहिजे, बायकोनं सांगून उपयोग नाही, कारण ओढीच्या जागा त्यालाच ठाऊक असतात. एकदा एकानं आम्हाला सांगितलं की त्याला दुकान बघून काही होत नाही, शेजारच्या पंक्चरवाल्याच्या हवेच्या मशीनचा आवाज आला की तोंडाला पाणी सुटतं. हे कोणत्या बायकोला कळलं असतं? मग त्या नकाशातला रस्ता बदलायचा. पहिले तीन-चार महिने तरी दुसऱ्या वाटेनं यायचं, मजुरीच्या दिवशी कोणीतरी सोबत जायचं. जो घरातच प्यायचा, त्याच्या बाजेची जागा बदलावी, त्याचा ग्लास फेकून द्यावा. एवढ्यानं दारू सुटते असं नाही, पण रोजच्या ओढीतला एक पीळ कमी होतो.

‘बघू, आता त्याच्यात किती दम आहे’ म्हणून त्याला मुद्दाम नाक्यावर नेणारे मित्र असतात, ते मित्र नव्हेत. पुढे कधीतरी त्याला त्या नाक्यावरून जावंच लागणार आहे. तेव्हा सोबतीनं, दिवसाउजेडी, खिशात पैसे न ठेवता, पुन्हा पुन्हा नुसतं जाऊन यायचं. जागेची ओढ जागेवरच ओसरते, पण त्याची घाई करू नये.

दुकानच हलवता आलं तर उत्तम. गावातल्या किंवा वॉर्डातल्या महिलांना मतदानानं दारूचं दुकान बंद करता येतं, ‘उभी बाटली, आडवी बाटली’ म्हणतात ते हेच. पण त्यात निम्म्याहून जास्त मतं लागतात ती मतदानाला आलेल्या बायकांच्या नव्हे, एकूण महिला मतदारांच्या. म्हणजे ज्या बाया वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेल्या आहेत, त्यांची गैरहजेरी दुकानदाराच्या बाजूनं मोजली जाते. म्हणून अर्ज कधी करायचा आणि मतदान केव्हा मागायचं, हे बाया गावात परतण्याचे दिवस पाहूनच ठरवा.

लेकरांबद्दल एक गोष्ट वेगळी सांगतो. कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेनं २००४ मध्ये दाखवलं की अगदी कोवळ्या वयाच्या उंदरांना निकोटिनचा एकच लहान डोस दिला तरी त्या खोलीची ओढ लागते. मोठ्या उंदरांना तेवढ्यानं लागत नाही. सातवी-आठवीतल्या पोराला ‘एकदा चव बघ’ म्हणून मिळालेली पुडी लहान नसते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं मनाई आहे. आपल्या शाळेच्या फाटकापासून पानटपरीपर्यंतची पावलं पालकांनी एकदा स्वतः मोजावीत.

या चाचणीला डोक्यावर घेऊ नका, तिच्याही मर्यादा आहेत. उंदराला नशा माणूस टोचतो, तो स्वतः मागत नाही. म्हणून तो किती प्याला असता हे पेटी सांगत नाही. दारूच्या बाबतीत तर गंमतच आहे. पांढऱ्या लहान उंदरांच्या काही जाती दारूची खोली पसंत करतात, पण मोठ्या जातीचे उंदीर बरेचदा ती टाळतात. शिवाय उंदरावर कर्ज नसतं आणि तो घरी जाऊन बायकोला मारत नाही. ‘मेंदूच तसा झाला’ म्हणून मारहाण माफ करा, असा अर्थ कोणी काढू नये. पाय का वळले हे समजून घ्यायचं, पण हात उचलला तर पोलिसांत जायचं.

दोन धोके नर्स म्हणून सांगणं भाग आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरी एकदम बंद करू नका. दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, माणूस बरळायला लागतो, त्याला नसलेले किडे-साप दिसतात आणि यात जीवही जातो. त्याला दवाखान्यातच नेलं पाहिजे. दुसरं, जेवणात गुपचूप मिसळायच्या पुड्या. त्यांत बऱ्याचदा असं औषध असतं की वर दारू पडली तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. डॉक्टर तपासून, माणसाच्या संमतीनं ते औषध देतात. लपवून देणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, आणि ते केल्यानं नाक्याची ओढ जात नाही ती नाहीच. विचारायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या सरकारी क्रमांकांवर फोन करा, पैसे लागत नाहीत.

त्या गवंड्याला पुढे दुसऱ्यांदा केंद्रात ठेवलं. या वेळी सुटीच्या दिवशी त्याचा साळा मोटारसायकल घेऊन अलीकडच्या थांब्यावर उभा राहिला आणि शेतातल्या पांदीनं त्याला घरी घेऊन आला. त्यानंतर तो एकदा घसरला, जयंतीच्या रात्री. दुसऱ्या दिवशी स्वतःच सांगायला आला. आता बरेच दिवस कोरडा आहे, आणि फाट्यावरच्या थांब्यावर तो अजूनही उतरत नाही. कंडक्टर विचारतो, “का हो, पुढं उतरा ना, जवळ पडंल.” तो म्हणतो, “मले इथूनच जवळ आहे.”